घरी बनवलेल्या तलवारीत एलईडी बसवायचे आहेत. वायरिंग कुठून शिकू?

तुम्ही लिहिलंय की ऐरोलीत सोसायटीच्या गणेशोत्सवात मुलांचं नाटुकलं आहे, शेवटच्या प्रवेशात तुमच्या मुलीच्या हातातली तलवार उजळायला हवी आहे आणि तुम्हाला वायरिंगचं काहीच येत नाही. नऊ व्होल्टची बॅटरी चालेल का, की दिवाळीची माळ कापून आत घालू, असंही विचारलंय.

आधी माळीचं सांगते, कारण ते धोक्याचं आहे. सॉकेटवर चालणाऱ्या स्वस्त माळांमध्ये बहुतेक वेळा ट्रान्सफॉर्मर नसतो. एकापुढे एक ओवलेले एलईडी घरातल्या २३० व्होल्टवरच टांगलेले असतात. तसली माळ किंवा तिचा तुकडा मुलाच्या हातात जाणाऱ्या कुठल्याही वस्तूत घालायचा नाही.

मी ठाण्यात हौशी मंडळींच्या एकांकिकांसाठी प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावर वापरायच्या वस्तू, बनवते. दिवे असलेल्या वस्तूंबद्दल माझं ठाम मत आहे की टेबलावर एलईडी पेटवणं एका संध्याकाळी येतं. तीच वस्तू हातात घेऊन झटकली, आपटली, दुसऱ्याच्या हातात दिली, तरी पेटत राहिली पाहिजे, आणि खरं काम तिथे आहे. तरी सुरुवात टेबलावरच करा.

एक ब्रेडबोर्ड (भोकांत पाय खोचून सोल्डरशिवाय जोडणी करायची पाटी), तीन पेन्सिल सेलचा होल्डर, चार-पाच एलईडी आणि थोडे रेझिस्टर आणा. सोल्डरिंग अजून नको. एलईडीचा लांब पाय अधिकचा, आखूड पाय उण्याचा. पाय कापलेले असतील तर कडेला जिथे चपटी बाजू आहे तो उणे. उलटा लावलात तर तीन सेलच्या साडेचार व्होल्टला सहसा काही बिघडत नाही, फक्त लागत नाही.

रेझिस्टर का लागतो हे एकदा नीट समजून घ्या, मग बाकी सगळं त्यातूनच येतं. एलईडी एका ठरावीक व्होल्टेजपर्यंत जवळजवळ काहीच करंट घेत नाही आणि ते ओलांडलं की करंट एकदम चढतो. वर तो तापला की आणखी जास्त घेतो. त्याला आवर घालणारं काहीतरी लागतं, ते काम रेझिस्टर करतो. लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट लागतात, निळ्याला आणि पांढऱ्याला ३ ते ३.४. पांढरा बहुतेक वेळा आतून निळाच असतो, वर पिवळसर फॉस्फरचा थर दिलेला असतो, म्हणून दोघांची भूक सारखी. (ह्या निळ्या एलईडीसाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. मुलीला जरूर सांगा.)

आता हिशोब. साध्या पाच मिलिमीटरच्या एलईडीला २० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०२ अँपिअर पुरतो. तीन सेलचे ४.५ व्होल्ट. त्यातून पांढऱ्याचे ३.२ वजा केले की १.३ उरतात. १.३ भागिले ०.०२ म्हणजे ६५ ओहम. दुकानात ६८ चा मिळतो, त्यावर पट्टे निळा, करडा, काळा. लालसाठी ४.५ मधून २ गेले, २.५ उरले, उत्तर १२५, म्हणून १५० चा घ्या. पट्टे तपकिरी, हिरवा, तपकिरी. नेहमी उत्तराच्या वरचा आकडा घ्यायचा. दोन एलईडी समांतर लावायचे असतील तर प्रत्येकाला स्वतःचा रेझिस्टर द्या. दोघांत मिळून एकच दिला तर थोडा कमी व्होल्टेजवर पेटणारा जास्त करंट ओढतो आणि दुसरा मंद राहतो.

एवढं हाताला आलं की तलवारीसाठी सुटे एलईडी वापरूच नका, एलईडीची पट्टी घ्या. तिच्यावर रेझिस्टर आधीच बसवलेले असतात. फक्त ५ व्होल्टची पट्टी मागा. न सांगता बहुधा १२ व्होल्टची हातात पडते. तिच्यात तीन-तीन एलईडी ओळीने जोडलेले असतात, ती साडेचार व्होल्टला पेटणारच नाही. पट्टी तांब्याच्या टिकल्यांवर जिथे खूण आहे तिथेच कापायची.

चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी नको. तिच्या पोटात सहा छोटे सेल असतात, पट्टीला लागणारा करंट देताना ती लवकर दमते. शिवाय ५ व्होल्टच्या पट्टीवर नऊ व्होल्ट म्हणजे पट्टीची वाट. तीन अल्कलाइन सेल उत्तम. पट्टी थोडी मंद लागेल, पण प्रवेशाला पुरेल. टॉर्चमध्ये तीन बारीक सेलचा गोल होल्डर असतो, तो पीव्हीसी पाइपच्या मुठीत छान बसतो. लिथियमचे सेल लहान मुलांच्या प्रॉपर्टीत मी घालत नाही. पडून शॉर्ट झाले तर आग लागू शकते.

पातं असं करा. लाकडाची पातळ पट्टी, तिच्या दोन्ही अंगांना एलईडीची पट्टी, त्यावर पॅकिंगच्या पांढऱ्या फोमचे वेढे, सगळ्यात बाहेर पारदर्शक प्लास्टिकची शीट पात्याच्या आकारात दुमडून. दिवे आणि बाहेरचा पृष्ठभाग यांत सेंटिमीटरभर तरी फोम हवा, नाहीतर ठिपके ठिपके दिसतात. टोक गोल ठेवा. पट्टीच्या मागच्या गोंदावर विसंबू नका, भाद्रपदाच्या दमट हवेत तो सुटतो. दर वीतभर अंतरावर दोऱ्याने बांधा. दोन्ही पट्ट्यांचे अधिक एकत्र, उणे एकत्र, आणि अधिकच्या वाटेवर दाबलं की तसंच राहणारं बटण.

सोल्डरिंगला २५ वॉटचं आयर्न पुरे. टोक ओल्या स्पंजावर पुसायचं, तांब्याची टिकली आणि वायर दोन्ही तापवायची आणि सोल्डर त्या तापलेल्या जागेला लावायचं. दोन-तीन सेकंदांत काम व्हायला हवं, जास्त रेंगाळलात तर टिकली उखडते. सांधा चकचकीत दिसला पाहिजे. धूर निघतो म्हणून खिडकी उघडी ठेवा, आणि सोल्डरमध्ये बहुधा शिसं असतं म्हणून नंतर हात धुवा.

आता झटक्यांचं. वायर एकतारी घेऊ नका, बारीक तारांची मऊ वायर घ्या. सोल्डर तिच्या तारांत थोडं वर चढतं आणि तेवढा भाग कडक होतो. वायर तुटते ती नेमकी कडक भाग संपतो तिथे. म्हणून हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आक्रसून घट्ट बसणारी नळी) सांध्याच्या पुढे सेंटिमीटरभर जाईल इतकी लांब कापा. ती सोल्डर करण्याआधी वायरीवर ओवायची, नंतर जात नाही. मग ग्लू गनने वायर लाकडाला चिकटवा, म्हणजे ओढ सांध्यावर न येता लाकडावर येईल. मुठीत शिरताना वायरीला छोटा वळसा सैल ठेवा. आणि तलवार हलवल्यावर लुकलुकत असेल तर आधी सेल बघा: झटक्याने सेल स्प्रिंगपासून क्षणभर सुटतो. होल्डरभोवती फोम दाबून बसवला की थांबतं.

सेल घालण्याआधी मल्टिमीटर बझरवर (दोन टोकं थेट जोडलेली असली की वाजतो ती खूण) ठेवून त्याच्या सुया अधिक आणि उणे यांना टेकवा. वाजला तर कुठेतरी शॉर्ट आहे, तो सापडेपर्यंत सेल घालायचे नाहीत. मग घरीच पंधरा मिनिटं पेटती ठेवा आणि पात्याला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका नको.

लढाईसाठी मात्र दुसरी, बिनदिव्याची तशीच तलवार करा. अंधार होताच विंगेत अदलाबदल करायची. उजळणारी तलवार कशावरही आपटायची नाही. आणि प्रकाश बघणाऱ्या दादांना आधीच सांगून ठेवा: स्टेजवर हॅलोजन पूर्ण लागलेले असतील तर कुठलीच पट्टी उठून दिसत नाही. त्या क्षणी उजेड अगदी खाली आणला की एवढीशी पट्टीही शेवटच्या रांगेपर्यंत पोचते. जास्त एलईडी लावून हे साधत नाही.

सामान लॅमिंग्टन रोडला एका फेरीत मिळेल. ठाण्यामार्गे दादर, तिथून गाडी बदलून ग्रँट रोड. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, शनिवारी जा. पट्टी घेतलीत की पाकिटावर मीटरला किती वॉट लिहिलेत आणि तुम्ही किती लांबी वापरताय ते इथे कळवा. सेल किती वेळ पुरतील ते सांगते.