आफ्रिकन महोगनीचा शेंडा सारखा वाळतो आणि खालून चार-पाच फुटवे येतात. कोणतं औषध फवारावं आणि पाणी किती द्यावं?

फवारू नका. तुम्ही सांगताय ती लक्षणं शेंडा पोखरणाऱ्या अळीची आहेत, आणि ही अळी फवाऱ्याला सापडतच नाही. पतंग रात्री कोवळ्या शेंड्यावर अंडी घालतो, अळी निघाली की लगेच आत शिरते आणि गाभा खात खाली सरकते. आपल्याला दिसतो तो भोकाशी साचलेला, डिंकाने आणि जाळीने चिकटलेला तपकिरी भुसा. तो दिसला म्हणजे औषधाची वेळ टळली. मुळाशी आंतरप्रवाही, म्हणजे मुळांतून झाडभर पसरणारं औषध ओतणारेही आहेत, पण नवी पालवी पुन्हा पुन्हा येत राहते. किती वेळा ओतणार?

याच गोष्टीवरून माझं आणि थोरल्या भावाचं वाजलं होतं, आणि तो अजूनही माघार घेत नाही. कुंपणाच्या कडेने आम्ही खाया सेनेगालेन्सिस, म्हणजे आफ्रिकन महोगनीचीच एक जात, लावली होती. रोपं छातीएवढी झाली आणि पावसाळ्यात एकेक शेंडा मान टाकायला लागला. दादाचं म्हणणं, शेंडा गेला की झाड कामातून गेलं, एकतर उपटा, नाहीतर पंधरा दिवसांनी फवारत राहा. त्याने फवारलंही. त्यानंतर मी एक वाळका शेंडा तोडून त्याच्यासमोर उभा चिरला. आत पोकळ नळी, ओला भुसा आणि तळाशी काळ्या ठिपक्यांची निळसर अळी, चांगली टुणटुणीत. तो म्हणाला, औषध कमी पडलं असेल. यावर काय बोलणार?

मग कात्री मी हातात घेतली. पोकळ भाग संपून भरीव गाभा लागेपर्यंत खाली कापत गेले आणि कापलेले शेंडे जाळून टाकले, कारण अळी त्यातच असते. फुटवे वीतभर झाल्यावर सगळ्यांत सरळ आणि जोमदार एक ठेवला, बाकीचे खुडले. हे महत्त्वाचं. फुटवे तसेच सोडले तर सगळे वर जायची स्पर्धा करतात आणि झाडाला दुबेळकी पडते. ही अळी सहसा झाड मारत नाही, सरळ ओंडका मारते. पुढच्या पावसाळ्यात काही शेंडे पुन्हा गेले, पुन्हा तेच केलं. आज त्या झाडांची खोडं दोन पुरुष उंचीपर्यंत सरळ आहेत. ‘उपटा’ म्हणणाऱ्याने ती येऊन बघावीत.

एका झाडावर पानं शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या आल्या होत्या. दादा घरटं जाळायला निघाला, मी अडवलं. मलेशियात खाया आयव्होरेन्सिस या आफ्रिकन महोगनीच्या दुसऱ्या जातीवर याच मुंग्यांचा अभ्यास झालाय. ज्या झाडांवर त्यांचा वावर असतो तिथे ही अळी फारशी टिकत नाही. चावतात, हे खरं. चावू देत.

आणि नुसती महोगनीच सलग लावली असेल तर मध्ये दुसरी झाडं घाला. घानामध्ये या अळीपायी खायाच्या सलग लागवडी फसल्या, म्हणून तिथले वनसंशोधक मिश्र लागवडीकडे वळले. बाजूने थोडी सावली मिळाली की रोप सरळ वर जातं आणि पतंगालाही ते सहज सापडत नाही. दादा म्हणतो, सावलीत वाढ मंदावते. मंदावेना का! आफ्रिकेच्या जंगलातले सरळ ओंडके इतके तोडले गेले की 2022 मध्ये साइट्स या धोक्यातल्या जातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिषदेने तिथल्या खायाच्या सगळ्या जाती परिशिष्ट 2 मध्ये, म्हणजे ज्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असतं अशा यादीत, घातल्या. असं झाड कोणाच्या कंटाळ्यापायी उपटायचं नसतं. आणि कापायचं की ठेवायचं हे रोज झाडाखाली उभं राहणाऱ्याने ठरवावं, कधीतरी फेरी मारणाऱ्याने नाही.

पाण्याचं फार मनावर घेऊ नका. पहिली दोन वर्षं कोरड्या महिन्यांत अधूनमधून पण खोलवर मुरेल असं द्या. सेनेगलपासून युगांडापर्यंतच्या ज्या पट्ट्यात सेनेगालेन्सिस मूळची आहे तिथे पाऊस साधारण 650 ते 1300 मिलिमीटर. मात्र तुमची जात आयव्होरेन्सिस असेल तर ती दमट जंगलातली, तिला जास्त ओल लागते.

घराजवळ लावलं असेल तर अजून लहान आहे तोवर हलवा. ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरात 2018 च्या मार्कस चक्रीवादळात आफ्रिकन महोगनीची झाडं मोठ्या संख्येने मुळासकट आडवी झाली.

आणि कात्री घेण्याआधी एक शेंडा चिरून बघाच. आत पोकळ नळी आणि भुसा नसेल, तर कारण दुसरं आहे, मुळाशी पाणी साचतंय का ते आधी बघा. तसं असेल तर वरचं कापाकापीचं काहीही करू नका.