सीटी स्कॅनवरून कंप्युटर मॉडेल केलं, तर पेल्व्हिसचं फ्रॅक्चर स्थिर आहे की नाही ते कळतं का?

तुम्ही विचारलंय की वडील घरात पडले, पेल्व्हिसला फ्रॅक्चर आहे, तर असं मॉडेल करून घेऊन मगच ऑपरेशनचं ठरवावं का. मॉडेलसाठी थांबू नका. एम.टेक.ला माझा विषय हाच होता, म्हणून इतकं ठामपणे सांगतोय.

पेल्व्हिस म्हणजे हाडांचं कडं. मागे त्रिकास्थी, म्हणजे कण्याच्या तळाचं हाड, दोन्ही बाजूंना कमरेची रुंद हाडं, आणि ती पुढे कूर्चेच्या सांध्यात येऊन मिळतात. काचेची बांगडी दाबली तर सहसा एकाच जागी तुटत नाही, तसंच या कड्याचं. पाठीच्या कण्यातून उतरणारं वजन मागच्या सांध्यांतून खुब्यांकडे जातं. त्यामुळे कडं टिकणार की नाही, हे मुख्यतः मागच्या बाजूच्या जाड लिगामेंट्सवर, म्हणजे हाडांना हाडं बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांवर ठरतं.

आणि मॉडेलची खरी अडचण तिथेच आहे. सीटीतून हाडाचा आकार आणि घनता छान मिळते. त्या हाडाचे लाखभर बारीक तुकडे पाडायचे, वरच्या कठीण थराला साधारण 17 गिगापास्कल (ताठपणा मोजायचं एकक) इतका ताठपणा द्यायचा, आतल्या जाळीदार हाडाला त्याच्या कितीतरी पट कमी, मग त्रिकास्थीवर 500-600 न्यूटन, म्हणजे साधारण 50-60 किलो वजनाइतका भार टाकून कुठे किती सरकतं ते बघायचं. पण लिगामेंट फाटलंय की शाबूत आहे, हे सीटीत नीट दिसतच नाही. ते आपणच गृहीत धरतो.

माझ्या पहिल्या मॉडेलमध्ये कुठेही फ्रॅक्चर दाखवलं तरी कडं हलेना. मी खूश! आमच्या सर्जन सरांनी स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं, "या पेशंटचा मागचा सांधा जुळून एकच हाड झालंय का?" तिथली फट जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, सीटीतून एकेक हाड वेगळं काढताना मी ती बुजवून टाकली होती. फट मोकळी केली, लिगामेंट्सच्या जागी स्प्रिंगा घातल्या, त्यातल्या काही काढल्या, आणि तेच फ्रॅक्चर उघडायला लागलं.

म्हणून एकाच फ्रॅक्चरला स्क्रू बरा की प्लेट, अशी तुलना करायला मॉडेल फार उपयोगी आहे. त्या कामावर माझा पूर्ण विश्वास आहे. एका माणसाला झोपवून ठेवायचं की चालवायचं, हे मात्र सर्जननेच हाताने तपासून आणि दुखणं बघून ठरवावं.

वडिलांचं वय झालं असेल तर डॉक्टरांना एक नक्की विचारा: मागे त्रिकास्थीलाही चीर आहे का? म्हाताऱ्या माणसांत एक्स-रेवर पुढची चीर दिसते आणि मागची बऱ्याचदा निसटते, ती सीटी किंवा एमआरआयमध्ये सापडते. ऑपरेशन नको असं ठरलं, तर उभं राहून चालायला लागल्यावर पुन्हा एक्स-रे कधी काढायचा तेही विचारून घ्या. सीटी आडवं झोपवून काढतात. अंगाचा भार पडल्यावर काही सरकतंय का, ते त्या दुसऱ्या एक्स-रेतच दिसेल.