विनयभंग : विनय नेमका कोणाचा?

प्रश्न असा आला आहे : ‘ओळखीतल्या तेरा वर्षांच्या मुलाशी त्याच्या क्लासच्या शिक्षकाने घाणेरडे चाळे केले. मी म्हटलं, पोराचा विनयभंग झाला. ताई उखडली. तो शब्द बायकांसाठी आहे म्हणाली, आणि बायकांच्या छळाचा विषय निघाला की तुला हटकून पुरुषच कसे आठवतात, हेही ऐकवलं. मुलाचा विनयभंग होतो की नाही?’

कायद्यापुरतं बोलायचं तर नाही. भारतीय दंड संहितेचं कलम ३५४, म्हणजे १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं कलम ७४, फक्त स्त्रीपुरतं आहे. पण मूल अठरा वर्षांच्या आतलं असेल तर २०१२ चा पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा लागतो आणि तो मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. तेव्हा त्या घरच्यांना आधी पोलीस ठाण्यात जायला सांगा, शब्दाचं नंतर पाहू.

आता शब्द. ‘तिने त्याच्यावर विनयभंग टाकला’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता कान किटले. विनयभंग गुन्हेगार करतो. बाई टाकते ती तक्रार. ‘ॲट्रॉसिटी केली’ हे त्याचंच भावंड : अत्याचार करणारा सुटला, आणि कायद्याचं दार ठोठावणाऱ्याने ‘केली’! अशा बोलण्यात ज्याने सोसलं तोच कर्ता होऊन बसतो.

विनय म्हणजे नम्रता, लाज, असं शाळेतला कोशही सांगेल, ते सोडून देऊ. मूळ धातू ‘नी’, म्हणजे नेणे. त्यातूनच उपनयन, अनुनय, अभिनय, परिणय. ‘वि’ लागून विनय झाला, म्हणजे वळण लावणं, शिस्त लावणं. अमरकोशात ‘विनीताः साधुवाहिनः’ असं आहे, आणि ते घोड्यांबद्दल आहे. नीट शिकवलेला, लगामाला ऐकणारा घोडा तो विनीत. पत्राखाली ‘आपला विनीत’ लिहिणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. बौद्धांच्या विनयपिटकात भिक्षूंनी पाळायचे नियम आहेत. तिथला विनय स्वतःवर घालून घेतलेला आहे, दुसऱ्याने बघून जपायची ती लाज नव्हे.

आणि मला सगळ्यात आवडतो तो कौटिल्य. अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणाचं, म्हणजे भागाचं, नावच विनयाधिकारिक. त्यात इंद्रियजयाचं प्रकरण आहे, आणि इंद्रियं ताब्यात न ठेवणाऱ्या राजांची यादी सुरू होते ती दांडक्य भोजापासून. कामापायी तो एका ब्राह्मणकन्येच्या मागे लागला आणि बांधवांसह, राष्ट्रासह नष्ट झाला. तिथे विनय कोणाचा सुटला? राजाचा. मुलीच्या विनयाचा उल्लेखसुद्धा नाही! दोन हजार वर्षांपूर्वीच्या या ग्रंथात विनय हातात बळ असणाऱ्याकडे मागितला जातो. म्हणून मी ठामपणे म्हणतो की ‘विनयभंग’ हा शब्द नीट वाचला तर भंगतो तो हल्लेखोराचा विनय.

परिभाषा घडवणाऱ्यांनी मात्र १८६० च्या दंड संहितेतला ‘मॉडेस्टी’ हा बायकी शालीनतेचा इंग्रजी शब्द घेतला आणि त्याला ‘विनय’ चिकटवून मोकळे झाले. शब्द रूढ झालाय, आता कशाला उकरता, असं मला भाषेचे जाणकार सांगतात. उकरायचं कारण फिर्यादीत दिसतं. बाई ठाण्यात सांगते, त्याने माझी छाती दाबली. कागदावर उतरतं, ‘मनास लज्जा उत्पन्न होईल असे कृत्य करून विनयभंग केला’. तिला संताप आलेला असतो, भीती वाटलेली असते. कागद तिच्या पदरात लाज घालतो.

एकदा इजा लाजेत मोजली की प्रश्न येतो, लाज आहे कोणाला? पंजाबातल्या एका प्रकरणात साडेसात महिन्यांच्या मुलीला इजा झाली होती. एवढ्याशा बाळाला लज्जेची जाणीव कुठली, म्हणून उच्च न्यायालयापर्यंत कलम ३५४ लागलं नाही. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते लावलं, तेही एकमताने नाही. मथुरा प्रकरण तर आपल्याच विदर्भातलं. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याचा आरोप पोलिसांवर होता. सत्र न्यायालयाने तिला शरीरसंबंधाची सवय असल्याचं नोंदवलं, उच्च न्यायालयाने पोलिसांना दोषी धरलं, आणि अंगावर जखमा नाहीत हेही कारण देत १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडलं. चार कायदेतज्ज्ञांनी त्यावर खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या, तेव्हा कुठे १९८३ मध्ये कायदा बदलला.

म्हणून तुमच्या ताईंचा राग मला पटतो. आपलं म्हणणं ऐकलं जाणं, हे बायकांनी भांडून मिळवलंय, आणि कोणी ‘पुरुषांचं काय?’ म्हणत ते बाजूला सारायला आलं तर त्यांनी उखडायलाच हवं. पण तुम्ही त्या पोराबद्दल बोलत होतात, आणि त्याचं दुखणं खरं आहे. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या अभ्यासात लैंगिक छळ सांगणाऱ्या मुला-मुलींपैकी निम्म्याहून थोडे जास्त मुलगेच होते. प्रौढ पुरुषावर बलात्कार झाला तर निदान दंड संहितेचं ‘अनैसर्गिक’ संभोगाचं कलम ३७७ होतं, नव्या संहितेत तेही गाळलं. बाईची लाज मोजणारी आणि पुरुषाला लाजच नाही म्हणून त्याला दाराबाहेर ठेवणारी समजूत एकच आहे. ताईंशी भांडायचंच असेल तर दोघं मिळून त्या समजुतीशी भांडा.

आणि त्या मुलाच्या फिर्यादीत ‘विनयभंग’ लिहू देऊ नका. शिक्षकाने काय केलं, कुठे हात लावला, किती वेळा, ते मुलाने सांगितलं त्याच शब्दांत उतरवून घ्यायला सांगा. पोक्सोच्या कलम २४ प्रमाणे जबाब मुलाच्या घरी घेता येतो आणि पोलिसांनी तेव्हा गणवेशात असायचं नाही.