देवगडच्या बागांचा सर्व्हे घेतलायस ना, मग आधी टक्के काढ

बाग किनाऱ्यालगत असण्याचा आणि आंब्यावर तुडतुडे (रस शोषणारे किडे) येण्याचा संबंध आहे का, हे सर्व्हेतून कसं बघायचं असं विचारलंयस. विषय मस्त निवडलायस, घाबरू नको. काय-स्क्वेअर (दिसलेला संबंध नुसता योगायोग असू शकतो का, हे तपासणारी टेस्ट) नंतर, आधी साधा तक्ता कर: ओळीत बाग कुठली (किनाऱ्यालगतची की आतली), रकान्यात तुडतुडे आले की नाही.

नवीन माणूस चुकतो तो इथेच, नुसते आकडे बघतो. समजा किनाऱ्याच्या 40 बागांपैकी 24 मध्ये तुडतुडे आणि आतल्या 120 पैकी 48 मध्ये, तर 48 मोठा दिसतो म्हणून आतल्या बागांना जास्त त्रास असं वाटतं, पण ओळीप्रमाणे टक्के काढलेस की किनाऱ्याला 60 आणि आत 40, म्हणजे उलटंच! दोन्हीकडे टक्के जवळपास सारखे आले असते तर संबंध नाही म्हणायचं.

टक्के नेहमी गटाच्या बेरजेवर काढ, एकूण 160 वर नको. एकच बाग दोनदा मोजू नको, हे फार होतं बघ. मग काय-स्क्वेअर, कार्ल पिअर्सनने 1900 मध्ये दिलेली टेस्ट, तेव्हा तक्त्याच्या प्रत्येक घरातली अपेक्षित संख्या (संबंध नसता तर तिथे किती बागा आल्या असत्या ती) निदान 5 असू दे.

आणि संबंध दिसला म्हणून खाऱ्या वाऱ्यामुळेच तुडतुडे येतात असं लिहू नकोस, फवारणीचा फरकही असेल. संबंध मोजायची बाकीची मापं सध्या राहू देत, तक्ता झाला की इथेच टाक, बघूया.