जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलकडे मुलांना प्रकल्पाला पाठवण्याआधी

सर, ‘शाश्वत विकास’ची व्याख्या लिहून देण्यात तास घालवू नका. गटाला मोजता येणारा एकच प्रश्न द्या: ठिबक आल्यावर केळीसाठीचा पाण्याचा उपसा खरंच घटला का? मुलं फक्त ठिबकवाल्यांना विचारून येतात. मग तुलना कशाशी करणार? शिवाय वाचलेल्या पाण्यावर शेतकऱ्याने केळीचं क्षेत्र वाढवलं असेल, तर एकरी पाणी कमी आणि एकूण उपसा तेवढाच. म्हणून आधीचं आणि आताचं क्षेत्र विचारायला लावाच.

विहिरीची पातळी मोजताना घोळ ठरलेला. टेप कठड्यावरून सोडतात आणि कठड्याची उंची वजा करायला विसरतात. कठड्यावर रंगाने खूण करा, दरवेळी तिथूनच मोजा. मोटार नुकतीच बंद झाली असेल तर आकडा खोटा. मोटारीच्या थ्री-फेज विजेच्या वेळा विचारून, पाणी स्थिरावल्यावर जा. मे आणि ऑक्टोबर, दोन्ही मोजमापं हवीत. एकट्या ऑक्टोबरच्या आकड्यात पावसाचंच श्रेय ठिबकला जातं.

प्रश्नावली आधी आठ-दहा जणांवर तपासा, तीही गावच्या बोलीत. इकडे लेवा बोली, धुळ्यातल्या साक्रीकडे अहिराणी. पुस्तकी मराठीला नुसतं ‘हो हो’ मिळतं.