वाचक विचारतात: खुबा तपासताना पेल्व्हिस सांभाळा

प्रश्न : मी फिजिओथेरपीची इंटर्न आहे. थॉमस टेस्टमध्ये (रुग्णाला उताणं झोपवून करतात ती) खुब्याचा आखडलेपणा मला २० अंश मिळतो आणि त्याच रुग्णात सरांना ३५. टेपने मोजलेली पायांची लांबीही दर वेळी वेगळी येते. कुठे चुकतंय? (टिळकनगर, इंदूर)

उत्तर : दोन्हीकडे पेल्व्हिस (कंबरेखालचा हाडांचा कडा) हलते आहे. खुबा वाकलेला राहिला तर रुग्ण कंबरेची कमान वाढवतो, पाय टेबलावर टेकवतो आणि दोष झाकला जातो. ती कमान घालवणं एवढंच या टेस्टचं काम.

टेबल कडक हवं, गादीवर काही कळत नाही. आपला तळवा कंबरेखाली सरकवा. मग चांगल्या पायाचा गुडघा छातीकडे न्या आणि कंबर तळव्यावर टेकली की तिथेच थांबा. दुखरी मांडी टेबलापासून जेवढी उचललेली राहील, तो कोन मोजा. आधीच थांबलात तर कोन कमी येतो. गुडघा पुढे रेटत राहिलात तर पेल्व्हिस मागे कलंडते आणि निरोगी खुबाही वाकलेला दिसतो. तुमच्या २० आणि सरांच्या ३५ मधला फरक बहुधा इथेच आहे, आणि सरच बरोबर असतील असं नाही! रुग्णाचा गुडघाच सरळ होत नसेल तर त्याला टेबलाच्या टोकाशी घ्या आणि पोटरी खाली लोंबू द्या. दोन्ही खुबे आखडलेले असतील तर ही टेस्ट फसवते. रुग्णाला पालथं झोपवून, पाय टेबलाबाहेर सोडून तपासा.

लांबी मोजण्याआधी दोन्ही एएसआयएस (पेल्व्हिसच्या पुढच्या बाजूला हाताला लागणारी हाडाची टोकं) एका रेषेत आणा. दुखरा पाय १५ अंश आत ओढलेला असेल तर चांगला पायही तेवढाच आत घ्या. टेपचं टोक एएसआयएसच्या खालच्या कडेला अडकवा (नुसतं हाडावर ठेवलं तर कातडीबरोबर सरकतं) आणि आतल्या घोट्यापर्यंत मोजा. कपड्यावरून मोजू नका. साडी असेल तर पडदा, चादर आणि सोबतीला बाई हवीच.

आणखी एक. आपल्याकडचे रुग्ण ‘कमर में दर्द’ म्हणतात. तेव्हा एका बोटाने जागा दाखवायला सांगा. जांघेत बोट गेलं तर आधी खुबा बघा; नितंबावर गेलं तर मणकाही तपासा.

प्रश्न : ट्रेंडेलनबर्ग टेस्टमध्ये (रुग्णाला एका पायावर उभं करून पेल्व्हिस झुकते का ते बघतात) वाईट बाजू कोणती, खाली झुकणारी का? (इंदूर)

उत्तर : नाही, ज्या पायावर रुग्ण उभा आहे ती. त्या बाजूचा ग्लुटियस मीडियस (खुब्याच्या बाहेरच्या बाजूचा स्नायू) पेल्व्हिस पेलू शकत नाही, म्हणून दुसरी बाजू झुकते. ३० सेकंद उभं राहू द्या, कारण सौम्य कमजोरी उशिरा दिसते. रुग्ण धड कलवून तोल सावरत असेल तर तेही नोंदवा.

प्रश्न : १२ वर्षांचा मुलगा गुडघा दुखतो म्हणून लंगडतोय. गुडघ्याचा एक्स-रे मात्र चांगला आहे. (सुदामानगर, इंदूर)

उत्तर : खुबा तपासून घ्या. ऑब्ट्युरेटर नर्व्ह ही एकच नस खुब्यालाही जाते आणि गुडघ्यालाही, त्यामुळे खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं. मांडी वर वाकवताना आपोआप बाहेर वळत असेल आणि आत वळवताना अडत असेल, तर मांडीच्या हाडाचं डोकं वाढीच्या पट्टीवरून सरकलं असण्याची शक्यता धरा. मुलाला चालवू नका, मालिश करू नका. त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा आणि दोन्ही खुब्यांचा एक्स-रे काढून घ्या.