खुपलं तिथे थांब

प्रिय पोरी,

प्रभूच्या नावात सलाम.

रविवारी उपासनेनंतर चहा घेताना तू म्हणालीस, "मावशी, रोज बायबल वाचते, पण आत काही जातच नाही. मन दगड झालंय माझं." मागे चारजणी कान देऊन उभ्या होत्या, म्हणून मी विषय टाळला. तेव्हापासून ते डोक्यात घोळतंय.

पहाटे ऊठ, प्रार्थना वाढव, हे मी सांगणार नाही. ते तू करतेसच. संडे स्कूलमध्ये वाढलेली मुलगी तू, वचनाची किंमत तुला मी काय सांगणार. पण तू मोबाइल काढून ती वर्षभराची वाचनयोजना दाखवलीस आणि एकही दिवस न चुकता लागलेल्या हिरव्या खुणा दाखवल्यास, तेव्हा खरं सांगू, मला थोडा रागच आला. तुझ्यावर नाही, त्या खुणांवर. आपल्या बायबलात 1189 अध्याय. वर्षाला 365 दिवस धरले तर रोजचे सव्वातीन. ठाण्याला पनवेल गाडीत बसायला मिळालं की उघडायचं आणि घणसोली येईपर्यंत कोटा संपवायचा. एवढ्यात मोशेसुद्धा डोंगरावरून खाली येत नाही गं!

आता नीट आठव, तूच काय म्हणालीस ते. "लेवीय वाचताना तर झोपच येते मावशी. एकच वचन लागलं, ते मजुराच्या मजुरीचं. पण त्या दिवशी अजून दोन अध्याय राहिले होते." हसलीस आणि पुढे गेलीस.

तिथेच हुकलं, पोरी. लेवीय, ते नियमांचं पुस्तक, 19:13. मजुराची मजुरी रात्रभर, सकाळ होईपर्यंत, आपल्याजवळ ठेवू नये. हे वचन तुला का लागलं, ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. मागच्या महिन्यात रिक्षात तूच सांगत होतीस, टीममधल्या कंत्राटी मुलांच्या टाइमशीट तुझ्याकडे मंजुरीला पडून आहेत, तू बटण दाबल्याशिवाय त्यांचा ठेकेदार पैसे सोडत नाही, आणि तुला वेळ होत नाही. दगडाला काही लागत नसतं. तुला लागलं, म्हणजे मन जिवंत आहे. फक्त जिथे खुपलं तिथे तू थांबली नाहीस.

मी आयुष्यभर नर्स होते. पोट दुखतं म्हणून रुग्ण येतो, डॉक्टर इथे दाबतात, तिथे दाबतात, आणि ज्या जागी तो "आई गं" करतो तिथे हात थांबतो. चांगला डॉक्टर तिथून घाईने हात उचलत नाही. आपण मात्र वचन वाचताना नेमकं उलटं करतो. जिथे कळ आली तिथून चटकन पान उलटतो, आणि नंतर तक्रार की काहीच जाणवत नाही.

दोन राजे शेजारी ठेवून वाच, बाप आणि लेक. बाप योशीया. मंदिराची डागडुजी चालली असताना हिल्कीया याजकाला नियमशास्त्राचं पुस्तक सापडलं, शाफान चिटणीसाने ते राजापुढे वाचलं, आणि ऐकता ऐकता राजाने अंगावरची वस्त्रं फाडली. लगेच माणसं धाडली, हुल्दा संदेष्टीकडे, आता आम्ही काय करायचं ते विचारायला. तिने जो निरोप पाठवला त्यात देव त्याला म्हणतो की तुझं हृदय कोमल झालं म्हणून मी तुझं ऐकलं. 2 राजे 22 मध्ये आहे. आता लेक, यहोयाकीम. यिर्मया 36. हिवाळ्याचे दिवस, राजा शेगडीपुढे बसलेला, यिर्मया संदेष्ट्याने सांगितलेली आणि बारूखाने लिहिलेली देवाच्या वचनांची गुंडाळी त्याच्यापुढे वाचली जातेय. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा चाकूने तेवढा भाग कापतो आणि शेगडीत टाकतो. परत तीन-चार रकाने, परत चाकू. सगळी गुंडाळी संपेपर्यंत. आणि तिथे लिहिणाऱ्याने मुद्दाम नोंद केलीय की कोणी घाबरलं नाही, कोणी वस्त्रं फाडली नाहीत. बापाने कपडे फाडले, लेकाने वचन कापलं.

आणि बघ, यहोयाकीमाने ऐकलं नाही असं नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं, शिस्तीत ऐकलं! तुझ्या त्या ॲपने त्यालाही हिरवी खूण दिली असती.

मन कोमल कसं करायचं, असं तू विचारलंस. तीन दिवसांच्या रिट्रीटला जाऊ का, उपास धरू का. जा, मी नको म्हणत नाही. वाशीला तुमच्या तरुण संघाची वर्शिप नाइट असते, तिथे रडू येतं म्हणतेस, तेही चांगलं. पण यहेज्केल 33 चा शेवट वाच. लोक संदेष्ट्यापुढे येऊन बसतात, त्याचं बोलणं त्यांना गोड गळ्याच्या गायकासारखं वाटतं, ऐकतात आणि उठून आपापल्या लोभाला लागतात. योशीयाचं हृदय कोमल होतं हे त्याला आधी ठाऊक नव्हतं. त्याने फक्त ऐकल्यावर पुढचं काम थांबवलं आणि विचारलं, आता काय करू? कोमलपणाचं नाव त्याला नंतर मिळालं. म्हणून म्हणते, मन तपासत बसू नकोस. खुपलं तिथे थांब आणि जे सांगितलंय ते कर.

ज्ञान कमी पडतं म्हणून मन कोरडं राहतं, असंही नाही. पंडिता रमाबाईंना काय कमी ज्ञान होतं? 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता म्हटलं, सरस्वती म्हटलं. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा झाला. आणि पुढे स्वतःच्या साक्षीत त्या लिहितात की ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, हे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी कळलं. आठ वर्षं! आणि तू तीन महिन्यांत हातपाय गाळतेस. पुढे त्याच बाईंनी दुष्काळातल्या बायकापोरींना केडगावात आणून घर दिलं, उतारवयात मूळ हिब्रू-ग्रीकवरून सबंध शास्त्र साध्या मराठीत आणलं आणि 1922 मध्ये ते काम हातावेगळं करूनच डोळे मिटले.

आता तू म्हणशील, मावशी, सांगायला सोपं आहे. म्हणून माझं सांगते. आमच्या महिला मंडळात हे अजून कुजबुजीत चालतं, तेव्हा निदान माझ्या तोंडून ऐक.

वडील गेल्यावर संगमनेरकडच्या घराचं आणि शेताचं निघालं. भावाने हक्कसोडपत्राचा कागद पुढे केला. मी सही केली नाही. आपल्या ख्रिस्ती लोकांना 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो आणि त्यात मुलगी मुलाइतकीच वारस आहे, हे मला माहीत होतं. बोलणं तुटलं. वर्षं गेली. मत्तय 5:23-24 मी त्या काळात कितीदा वाचलं असेल: वेदीजवळ अर्पण आणलंस आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. दर वेळी कळ यायची आणि दर वेळी मी मनात वकिली करायची, की अन्याय माझ्यावर झालाय. मधल्या काळात आई गेली. आम्ही दोघं एका खोलीत बसलेलो तिने परत पाहिलं नाही. याचं मला जे वाटतं ते मी पत्रात लिहिणार नाही.

मग एका रविवारी उपासनेत प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट समोर आलं आणि मी न घेताच ते पुढे सरकवलं. पाळक नंतर म्हणाले, असं करू नका बाई, सगळेच पापी आहोत. खरंय. पण मला खुपलं होतं आणि मी थांबले. त्याच आठवड्यात खोपटहून एसटी धरली, माळशेज चढताना जीव मेटाकुटीला आला. भावाच्या ओसरीवर बसून सांगितलं की तुझ्यावरचा राग मी सोडलाय, तुझ्या मनात माझ्याविषयी जे आहे ते आज बोल, मी ऐकायला आलेय, आणि सही मात्र करणार नाही. तो पुष्कळ बोलला. मी ऐकलं. भावजय बाहेर आली नाही. चहा त्यानेच करून आणला, साखर विसरून.

मंडळीतल्या काही जणी म्हणतात, हा कसला समेट, वाटा तर सोडला नाही. म्हणू देत! येशूने समेट कर म्हटलं, सही कर म्हटलं नाही. माझा हक्क सोडून मी आत कुढत राहिले असते तर ते अर्पण देवाला गोड लागलं असतं का? मी आजही त्यावर ठाम आहे. आता नाताळला त्याचा फोन येतो, घराचा विषय दोघंही काढत नाही. आणि तेव्हापासून शास्त्र उघडलं की पान बोलतं, रोज नाही, पण बोलतं. बंद दार कुठलं होतं ते मला कळलं. जाऊ दे, पत्र तुझ्याबद्दल होतं.

रोज खुपेलच असं नाही. गणनेतल्या वंशावळ्या वाचताना काही खुपलं नाही म्हणून घाबरू नकोस, मुकाट वाच आणि डबा भरायला घे. ओढूनताणून स्वतःला अपराधी ठरवणं म्हणजेही थांबणं नव्हे. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, तू तेही करशील. कधी कधी तर टोचतं ते मायेचं वचन असतं. स्तोत्र 103 मध्ये आहे, बाप जसा मुलांवर ममता करतो तशी तो करतो, आपण माती आहोत हे तो आठवतो. तुझ्यासारख्या सगळीकडे पहिल्या येणाऱ्या मुलींना हे फार जड जातं. तिथेही थांब. आणि "हे आमच्या बॉसने वाचायला हवं" असं वाटलं की समज, तुझा हात दुसऱ्याच्या पोटावर गेलाय.

ती योजना महिनाभर बंद ठेव. खुणांची साखळी तुटली तर तुटू दे, स्वर्गात तिची नोंद नाही. एक शुभवर्तमान घे, मार्क घे, लहान आहे. मराठीत, छापील, आणि मोठ्याने वाच. गाडीत नको, गाडीत झोप काढ, तुला झोपेचीही गरज आहे. खुपेपर्यंत वाच, मग पुस्तक मिटून ते करायला लाग. ते होईस्तोवर दुसऱ्या दिवशी तोच उतारा. आठवडाभर एकाच उताऱ्यावर अडकलीस तर मला अभिमानच वाटेल.

पण मार्क उद्यापासून. आज आधी त्या टाइमशीट. ऑफिसात पोहोचल्यावर चहाच्या आधी. ती मुलं दिघ्या-कळव्यातून भाड्याच्या खोल्यांतून येतात, महिन्याच्या दहा तारखेला त्यांच्या दारात घरमालक उभा असतो. झालं की मला नुसतं "झालं" एवढं पाठव, बाकी काही नको.

आईला सलाम सांग. मंगळवारी कॉटेज मीटिंग, घरातली प्रार्थनासभा, आमच्याकडेच आहे, साडेसातला. येताना काही आणू नकोस, मागच्या वेळचे ढोकळे अजून डब्यात आहेत.

तुझी,
मावशी